थट्टेचा भाऊ

इमासिकू लोकांना पाणी दाखवून पोट भरत असे. यात हसण्यासारखे काही आहे, हे मुन्साका भेटेपर्यंत त्याच्या ध्यानात आले नव्हते.

तो मूळचा सेनांगाकडचा, झांबेझी नदीच्या सपाटीवरचा, लोझी जमातीचा. तिथे दरवर्षी नदी घरात शिरते. माणसे भांडीकुंडी होडीत घालून उंचावर जातात, राजाही जातो, आणि पाणी ओसरले की सगळे परत येऊन चिखल काढत बसतात. बाप मासे धरायचा. इमासिकूनेही तेच केले असते, पण तो गरजेपेक्षा थोडा जास्त शिकला, म्हणून त्याला लिव्हिंग्स्टनला रेल्वेतल्या मामाकडे धाडले. रेल्वेने त्याला घेतले नाही. मामीच्या घरी फुकट खाण्याचे दिवस संपत आले तेव्हा तो धबधब्याच्या वाटेवर रेनकोट भाड्याने द्यायला उभा राहिला. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगावरचे ओले रेनकोट झटकायचे आणि वाळत घालायचे. तुषारांच्या पावसात ते कधी वाळत नसत, तरी घालायचे.

तिथे उभ्याउभ्या त्याने वाटाडे पाहिले. वीस-वीस माणसांचा कळप घेऊन ते यायचे, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून उंची-रुंदी सांगायचे, आणि कुणाला काही ऐकू यायचे नाही. इमासिकूला हा निव्वळ घशाचा छळ वाटे. पुढे परवाना मिळाला, उधार-उसनवार करून एक जुनी व्हॅन आली, तेव्हा त्याने ठरवले की आपण एका वेळी एकच कुटुंब न्यायचे. सांगायचे ते सगळे गाडीत सांगून टाकायचे. धबधब्यासमोर गेल्यावर तोंड बंद ठेवायचे. पाहुणे भिजून, गप्प होऊन परत आले की त्यांना टॉवेल आणि गरम चहा द्यायचा. बबून माकडांपासून त्यांच्या पिशव्या सांभाळायच्या. एवढाच त्याचा धंदा, आणि तो बरा चालला. नदीकाठच्या एका लॉजचे पाहुणे तर बहुतेक त्याच्याकडेच येत.

पण धबधबा अर्धा झांबियात आणि अर्धा झिंबाब्वेत. इमासिकूचा परवाना झांबियाचा, पुलाच्या मधल्या रेघेपर्यंतचा. सकाळी आपली बाजू दाखवायची, मग पाहुण्यांना चालत पुलावर न्यायचे आणि रेघेवर पलीकडच्या वाटाड्याच्या हवाली करायचे. दुपारी तो आणून पोचवतो. एप्रिलमध्ये नदी भरलेली असली की दोन्हीकडे रेलचेल. ऑक्टोबरात मात्र झांबियाच्या बाजूला नुसता काळा कडा उघडा पडतो, आणि पाणी बघायचे तर पलीकडेच जावे लागते. तेव्हा पलीकडचा माणूस चांगला असावा लागतो. इमासिकूचा माणूस म्हणजे मुन्साका.

पहिल्याच दिवशी मुन्साकाने त्याला रेघेवर अडवले होते. तो उंच, रोडका, टोंगा जमातीचा, लग्नानंतर पलीकडे स्थायिक झालेला. हात मिळवायचा सोडून त्याने विचारले, "कुठला तू?"

"सेनांगाचा."

"लोझी?" मुन्साकाने इमासिकूच्या पाहुण्यांकडे वळून हात पसरले. "अरे वा. हा तर आमच्या घरचा गडी. पळून गेला होता, आज सापडला."

इमासिकूनेही पाहुण्यांनाच सांगितले, "याचं मनावर घेऊ नका. याला दिवसभर गुरांशीच बोलायची सवय आहे."

दोघेही पुलाचा कठडा धरून हसत सुटले. मासे धरणारे लोझी आणि गुरे राखणारे टोंगा हे थट्टेचे भाऊ. आजोबा-पणजोबांच्या काळी कोणी कोणाला लुटले याचा हिशोब आता कोणाला लागत नाही, उरली आहे ती थट्टा. थट्टेच्या भावाने काहीही बोलावे, पाहिजे ते उचलून न्यावे, आणि दुसऱ्याने रागवायचे नाही. रागवला तर नाते मोडले. कोणाच्या घरी माणूस गेले तर पहिला निरोप थट्टेच्या भावाला जातो. तो येऊन मेलेल्याच्या चालीची नक्कल करतो, भांड्यातले मटण पळवतो, खड्ड्याला नावे ठेवतो आणि रडून थकलेल्या माणसांना हसवतो. त्याला आवरायचे नसते, आणि बसायला खुर्चीही द्यायची नसते.

तेव्हापासून रेघेवर रोज हाच खेळ चाले. तोही इंग्रजीतून, कारण एकमेकांची भाषा बोलण्यात दोघांनाही कमीपणा वाटे. धबधब्याचे मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, हे नाव आमच्या भाषेतले, म्हणजे धबधबा आमचा, असे इमासिकू म्हणे. मुन्साका म्हणे की तुम्ही इथे पोचायच्या आधीपासून आम्ही त्याला शुंगू नामुतितिमा म्हणतो, तुम्ही फक्त पाटी लावलीत. इमासिकू पाहुण्यांना बजावे की हा माणूस धबधब्याची उंची गाईंत मोजतो. ऑक्टोबरात मुन्साका लांबूनच ओरडे, "या, या, पाणी मागायला आलात ना? ओंजळ आणलीत का?" आणि एकदा त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले होते की, ज्यांचा राजा पाणी आले की होडीत बसून पळतो त्या जातीच्या माणसाने परक्या लोकांना पाणी दाखवण्याचे पैसे कोणत्या तोंडाने घ्यावेत. यावर इमासिकू रेघेवरच हसत सुटला. तो घरी येऊन बायकोला, ईनोंगेला, हे सांगताना पुन्हा हसला.

मुन्साकाची आई याहून वरचढ. मुलाच्या नावावरून तिला सगळे बिना मुन्साका, म्हणजे मुन्साकाची आई, म्हणत. पलीकडच्या गावाबाहेरच्या वस्तीत अंगणात बसून ती लांब दांड्याच्या भोपळ्यातून तंबाखू ओढायची. इमासिकू पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि हा माझा नवरा असे जाहीर केले. पुढे ती कायम त्याच नात्याने बोलली. "नवरा म्हणून तू काही कामाचा नाहीस," ती म्हणायची, "पण तुझ्या हातचे मासे येतात, म्हणून घरात ठेवलंय." सेनांगाहून कोणी सुके मासे आणले की इमासिकू त्यातला एक पुडा वर्तमानपत्रात बांधून, पाहुण्यांबरोबर रेघेपलीकडे पाठवत असे. मुन्साका तो नाक धरून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आईची शिवी घेऊन यायचा. मासे लहान होते, नाहीतर खारट होते, नाहीतर नवरा कंजूष होता.

अशी बरीच वर्षे गेली. दोघांची मुले मोठी झाली, दोघांच्या दाढीत पांढरे आले. इमासिकूला कोणी विचारले असते तर त्याने मुन्साकाला मित्र म्हटले नसते. मित्राशी जपून बोलावे लागते.

मग एका एप्रिलमध्ये एक नवे जोडपे आले. नदी तुडुंब होती, पुलावरही तुषार येत होते. मुन्साका त्या दिवशी रंगात होता. त्याने इमासिकूला पळपुटा गडी म्हटले, कानाला धरून परत नेतो म्हणाला, आणि इमासिकूने त्याची टोपी काढून खाली दरीत फेकायचा आव आणला. जोडपे दोन पावले मागे सरकले. घरी गेल्यावर त्यांनी लॉजला लांबलचक लिहून पाठवले की तुमचे दोन वाटाडे पुलाच्या मधोमध भांडले, एकाने दुसऱ्याला गुलाम म्हटले, आम्हाला फार भीती वाटली आणि आमच्या आयुष्यातला तो दिवस वाया गेला.

लॉजच्या व्यवस्थापक चिलेशेबाईंनी इमासिकूला बोलावून घेतले. त्या तरुण होत्या, लुसाकाच्या, आणि स्वभावाने वाईट नव्हत्या.

"बा इमासिकू, मला कळत नाही असं समजू नका," त्या म्हणाल्या. नावाआधी बा लावून त्या त्याला नेहमीच मान देत. "आम्ही बेंबा. आमचे थट्टेचे भाऊ न्गोनी आहेतच. माझ्या लग्नात त्यांनी नवऱ्याचे बूट पळवले, ते अजून दिलेले नाहीत. पण पाहुण्यांना हे कुठून कळणार? त्यांना वाटलं, आता इथे मुडदा पडतो."

"मी त्यांना आधीच समजावून सांगत जाईन," इमासिकू म्हणाला.

"समजावून सांगितलेली थट्टा कसली हो? एवढंच करा, पुलावर गोड बोला. तेवढ्यापुरता तर प्रश्न आहे."

बाईंचे म्हणणे चुकीचे नव्हते. इमासिकूलाही ते पटले, आणि खरे सांगायचे तर त्याला लॉजचे काम जाण्याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुन्साकाने पाहुणे परत आणून पोचवले, ते व्हॅनकडे गेल्यावर इमासिकूने त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले. मुन्साका आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "बरं. पाहुण्यांसमोर नाही बोलणार. आणि पाहुणे नसताना?"

इमासिकूची व्हॅन उन्हात उभी होती, पाहुणे आत घामाघूम होत होते. तो चालता चालता म्हणाला, "तेव्हाही नकोच. तोंडाला सवय राहिली की नको तेव्हा निघून जाईल. आणि आता आपलं वय झालं, मुन्साका. शोभत नाही."

मुन्साकाने होकारार्थी मान हलवली. 

इमासिकूची चूक झाली ती इथे. पाहुण्यांसाठी तोंड आवरणे ही कामाची गोष्ट होती, ती मुन्साकाने हसत केली असती. पण थट्टेच्या भावाने थट्टेच्या भावाला शोभत नाही म्हटले की मागे काही उरत नाही. आणि हे इमासिकूला कळायला हवे होते. त्याला लहानपणापासून दुसरे काही शिकवलेलेच नव्हते.

सुरुवातीला दोघांनाही मजा वाटली. "नमस्कार, बा इमासिकू. प्रवास ठीक झाला ना?" असे मुन्साका म्हणे आणि इमासिकूला हसू आवरत नसे. थोड्या दिवसांनी हसू यायचे थांबले. मुन्साका रेघेवर टोपी काढून उभा राही, पाहुण्यांची नावे विचारी, इमासिकूला धन्यवाद देई. पाहुण्यांनी लॉजला लिहिले की दोन्हीकडचे वाटाडे अतिशय सभ्य आहेत. चिलेशेबाईंनी ते इमासिकूला वाचून दाखवले. तो हो म्हणाला आणि घरी आला.

मग माशांचा पुडा परत आला. मुन्साकाने तो दोन्ही हातांनी पुढे केला. "आईला हल्ली मासे सोसत नाहीत. आपण आठवण ठेवता, आभारी आहे." इमासिकूने पुडा घरी आणला. ईनोंगेने त्याचे कालवण केले, मक्याच्या पिठाच्या घट्ट न्शिमाबरोबर वाढले, आणि नवरा जेवत नाही हे पाहून विचारले की भांडण झाले का.

"भांडण झालं असतं तर बरं होतं," इमासिकू म्हणाला. "तो मला बा म्हणतो."

ईनोंगेने हातातला गोळा ताटात ठेवला. तिला पुढे काही विचारावे लागले नाही. एवढेच म्हणाली की हे सभ्य वागणे तूच सुरू केलेस, तूच मोडायला हवेस. इमासिकूने मोडून पाहिलेही. एकदा पाहुणे पुढे गेल्यावर त्याने हळूच म्हटले, "काय रे गुराख्या, गाई विकल्यास का?" मुन्साकाने त्याच्याकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाला, "गुरं ठीक आहेत, बा इमासिकू. विचारल्याबद्दल आभार." त्यानंतर इमासिकूची हिंमत झाली नाही. तरीही सेनांगाहून मासे आले की तो एक पुडा गाडीच्या सीटखाली ठेवायचाच.

ऑक्टोबर आला. झांबियाच्या बाजूचा कडा कोरडा पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुलावरून ओंजळीची चौकशी झाली नाही. "आमच्याकडे अजून पाणी आहे," मुन्साका अदबीने म्हणाला, "आपले पाहुणे आणत जावेत." इमासिकूला ते शिवीपेक्षा लागले.

त्याच महिन्यात एका सकाळी तो एका वयस्क जर्मन नवरा-बायकोला घेऊन निघाला. बाईंनी गाडीत कसला वास येतो म्हणून खिडकी उघडायला लावली. इमासिकूने खिडकी उघडली, पुड्याबद्दल काही बोलला नाही. कोरडा कडा दाखवून झाला. पाहुण्यांना घेऊन तो रेघेवर पोचला तेव्हा तिथे मुन्साकाच्या जागी थांडेका उभी होती. ही पलीकडचीच एक न्देबेले जमातीची बाई, अधूनमधून मुन्साकाच्या बदली यायची.

"मुन्साका कुठे?" इमासिकूने विचारले.

"तुम्हाला माहीत नाही?" थांडेकाला खरेच आश्चर्य वाटले. "बिना मुन्साका गेल्या ना, परवा. आज दुपारी माती."

इमासिकू रेघेवर तसाच उभा राहिला. म्हातारी गेली याचे दुःख नंतर झाले. आधी त्याला एवढेच कळले की ती परवा गेली आणि आपल्याला निरोप आला नाही. थांडेकाला निरोप होता, वस्तीला होता, कदाचित पलीकडच्या चौकीवरच्या शिपायालाही असेल. थट्टेच्या भावाला नव्हता. म्हणजे मुन्साकाने त्याला बाद केले होते.

पाहुणे वाट पाहत होते. इमासिकूने त्यांना थांडेकाच्या हवाली केले आणि दुपारी त्यांना लॉजवर सोडायला एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याला सांगितले. मग धावत व्हॅनपर्यंत जाऊन सीटखालचा पुडा घेतला, पासपोर्ट घेतला आणि पुन्हा पुलावर आला. चालता चालताच त्याने चिलेशेबाईंना फोन लावला.

"तुम्ही पाहुण्यांना मध्येच सोडलंत?" बाईंचा आवाज चढला.

"सोडलं. माझ्या भावाची आई गेली."

"अरेरे. कुठला भाऊ?"

"पुलावरचा."

बाईंचा आवाज उतरला. मग म्हणाल्या, "मग जा तुम्ही. पाहुण्यांचं मी बघते. आणि बा इमासिकू, तिथे माझ्यातर्फेही काहीतरी वाईट बोला."

बोलायला मिळाले तर, असे इमासिकूच्या मनात आले. चौकी ओलांडून, मिळेल ती गाडी धरून तो वस्तीवर पोचला. लांबूनच ढोल ऐकू येत होते. बायका घरात रडत होत्या, पुरुष बाहेर विस्तवाभोवती बसले होते. कुंपणाशी येऊन इमासिकूचे पाय थबकले. परका माणूस असेल तर त्याने इथून मोठ्याने रडत आत जायचे. थट्टेचा भाऊ असेल तर शिव्या देत जायचे. आपण कोण, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो यातले काहीच न करता, पुडा काखेत धरून, चोरासारखा आत शिरला.

मुन्साका उठून समोर आला. त्याचे डोळे कोरडे होते. तो दोन दिवसांत रडलेला दिसत नव्हता.

"आपण आलात, बा इमासिकू. एवढ्या लांबून. फार उपकार झाले," तो म्हणाला, आणि कोणाला तरी हाक मारली. "पाहुण्यांना खुर्ची द्या."

खुर्ची आली. पांढरी प्लास्टिकची, पुसून आणलेली. सगळे जमिनीवर, ओंडक्यांवर बसले होते. इमासिकू त्या खुर्चीवर बसला. त्याला चहा दिला, त्यात साखरही भरपूर घातली होती. म्हातारीच्या अंगणात इतक्या वर्षांत त्याला कोणी साखरेचा चहा दिला नव्हता. कप हातात धरून तो बसून राहिला आणि त्याला तिथल्या तिथे मरून जावेसे वाटले. जाडजूड इमासिकू खुर्चीवर ताठ बसलेला बघून एक लहान मूल त्याच्याकडे टक लावून पाहत होते. त्याने त्या मुलाकडेही बघितले नाही.

दुपारी मृतदेह उचलला. वस्तीमागे, मोपाने झाडांच्या पलीकडे खड्डा खणून तयार होता. बायकांचा रडण्याचा आवाज वाढला. पण ते सगळे रडणे एकसुरी होते, मध्ये कुठे हसण्याचा खंड नव्हता. असे मरण इथल्या माणसांना नवे होते. एक म्हातारा हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "लोझी कोणी आला नाही का? म्हातारीला असंच कोरडं पुरणार?" शेजाऱ्याने डोळ्यांनी इमासिकूकडे दाखवले. म्हातारा म्हणाला, "तो? तो तर खुर्चीवर होता."

हे इमासिकूने ऐकले.

शवपेटी खड्ड्याजवळ टेकवली. प्रार्थना सुरू होणार, एवढ्यात इमासिकू गर्दीतून पुढे आला, खड्ड्याच्या कडेवर बसला आणि सरळ आत उतरला. उतरताना पाय घसरला, तो ढुंगणावर आपटला, आणि तिथेच उताणा पडला. माशांचा पुडा त्याने छातीवर ठेवला.

वर बायकांचे रडणे थांबले. ढोलही थांबला. मुन्साका कडेवर येऊन उभा राहिला. खालून इमासिकूला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त उंच सावली दिसत होती.

"बा इमासिकू," मुन्साका म्हणाला. आवाज थंड होता. "कृपा करून वर या."

"इथे बा इमासिकू कोणी नाही," इमासिकू खालून म्हणाला. त्याने आवाज चढवला. "इथे तुझ्या आईचा नवरा झोपलाय. आणि हा खड्डा कोणी खणला रे? गाईला पाणी पाजायची टाकी आहे ही. माझे पायसुद्धा मावत नाहीत."

कोणी हसले नाही. मुन्साका पुन्हा म्हणाला, "वर या. लोक थांबलेत."

"थांबू देत. मला म्हातारीला एक विचारायचंय. तिला मासे सोसत नाहीत, असा निरोप मला आला होता. निरोप आणणारा टोंगा, तेव्हा मी काही विश्वास ठेवला नाही. आता ती इथे येणारच आहे. मी मासे घेऊन बसलोय. तिने तिच्या तोंडाने नको म्हणू दे, मग निघतो."

आधी एक बाई हसली. मुन्साकाची बहीण लुयांडो, अंगावरचे कापड तोंडावर धरून इतका वेळ रडत होती ती. हसता हसता ती मोठ्याने म्हणाली, "सोसत नाहीत? अरे, मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा विचारत होती, तो कंजूष अजून कसा आला नाही म्हणून."

सावली हलली नाही. इमासिकू डोळे मिटून पडून राहिला. मातीचा गारवा पाठीत शिरत होता. आता मुन्साका चार माणसे बोलावून आपल्याला उचलून बाहेर काढेल, मानाने, धरून, खुर्चीपर्यंत पोचवेल, असे त्याला वाटले. तसे झाले असते तर तो पुन्हा पुलावर उभा राहू शकला नसता.

"पाणी आलं की राजासकट पळणारे तुम्ही," मुन्साका वरून म्हणाला. शब्द एकेक करून येत होते, फार दिवस न वापरलेले. "आणि आज कोरडा खड्डा दिसला तर बरा आत शिरलास? बाहेर निघ, मासेखाऊ. ती माझ्या आईची जागा आहे. नाहीतर तिच्याबरोबर तुलाही बुजवतो आणि वर माझी गुरं चरायला सोडतो."

"तुझी गुरं माझ्यावरचं गवत खाणार नाहीत. ती तुझ्यापेक्षा शहाणी आहेत."

मग मात्र सगळी गर्दी हसली. म्हातारे हसले, बायका रडता रडता हसल्या, ढोलवाला हसत बसला. मुन्साकाही हसायला लागला, आणि हसता हसता तो कडेवर मट्‍कन बसला आणि लहान मुलासारखा, तोंड उघडे टाकून, आईला हाका मारत रडू लागला. दोन दिवसांत पहिल्यांदाच. इमासिकू खड्ड्यातून वर चढला. त्याला कोणी हात दिला नाही, आणि कोणी देणारही नव्हते. तो मुन्साकाशेजारी मातीत बसला आणि स्वतःही रडला. म्हातारी त्याला फार आवडायची.

पुडा खड्ड्यातच राहिला. तो बाहेर काढा असे कोणी म्हटले नाही, आणि पेटी त्याच्यावरच उतरली.

संध्याकाळी अंगणात मटण शिजले. इमासिकू परत आला तेव्हा पांढऱ्या खुर्चीवर तो म्हातारा बसलेला होता आणि तो काही उठला नाही. इमासिकू चुलीजवळ जमिनीवर बसला. सगळ्यांना वाढून झाले. त्याच्यापर्यंत कोणी आले नाही. शेवटी मुन्साका स्वतः एक ताट घेऊन आला आणि ते त्याच्यासमोर जमिनीवर आदळले. ताटात एकच हाड होते, मांस काढून घेतलेले.

"गड्यांना एवढंच असतं," मुन्साका म्हणाला.

इमासिकूने ते हाड दोन्ही हातांनी उचलले, चोखून चोखून साफ केले आणि आणखी मागितले. मिळाले नाही.